पावसाळा, ब्रॉयलर आणि ओली गादी



पावसाची झड लागली की एकच तक्रार कानी येते : कालपर्यंत पिल्ले चांगली होती, आज विष्ठेत रक्त दिसते. ही रक्ती हगवण. तिचे मूळ पक्ष्यांच्या पायाखालच्या गादीत असते.

आयमेरिया हा एकपेशीय परजीवी तिला कारण. वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतूनही त्याचे सूक्ष्म कोष पडतात. ताजे कोष बाधत नाहीत. पण ऊब, ओल व हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते रोग देऊ लागतात. पिल्लू ते टिपते आणि आठवडाभरात एका कोषाचे हजारो होऊन बाहेर पडतात. फिनेलला ते दाद देत नाहीत.

टेनेला या जातीने भडक रक्त पडते, म्हणून ती लगेच ओळखू येते. मला धास्ती मॅक्सिमाची. तीत रक्त क्वचितच दिसते. पक्षी खातो, पण अंगी लागत नाही. शिवाय सोललेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू फोफावतो. एरवी तो निरोगी कोंबडीतही थोडाफार असतोच. त्याच्या विषाने आतड्याचे अस्तर कुजते आणि संध्याकाळी हिंडते-फिरते पक्षी सकाळी मेलेले सापडतात. चिरल्यावर आतडे वायूने फुगलेले, आतून टॉवेलासारखे खरखरीत दिसते.

गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडावा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली. हळूहळू सुटला तर ठीक. पाण्याच्या भांड्याखाली आधी पाहावे. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी, म्हणजे पाणी सांडत नाही. गादी रोज खालीवर करावी. ढेपाळलेले तूस उचलून बाहेर टाकावे; त्यावरच नवे पसरणे म्हणजे रोग झाकून ठेवणे! पडदे वरून वीतभर उघडे ठेवावेत. पिल्लांना गारठा लागेल म्हणून ते गच्च बांधणारे पुष्कळ आहेत, पण त्याने ओल आणि उग्र वास दोन्ही आत कोंडतात.

मरतूक दिसताच ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन चिरून घ्यावा, मगच औषध. अँप्रोलियम आयमेरियावर चालते, जिवाणूवर नाही. कोणी कोलिस्टिनची पुडी पुढे केली तर घेऊ नये. क्लॉस्ट्रिडियमवर तिचा उपयोग नाही, आणि जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्यांसाठी तिच्यावर बंदी घातली आहे.