कैलासाची वाट, गोंदियाचे शेजारी

गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला लोटणाऱ्या भाविकांना हे शेजारी अपरिचित नाहीत. कैलासाची वाट यांच्याच पूर्वजांच्या भूमीतून जाते. १९५४ च्या भारत-चीन करारानेही यात्रेकरूंना पारपत्राविना जाण्याची मुभा ठेवली होती. त्याच करारात भारताने तिबेटला 'चीनचा तिबेट प्रदेश' मानले, ही गोष्ट निराळी! १९६२ मध्ये तो करारही संपला. नेपाळी बंधू १९५० च्या कराराने आजही मुक्तपणे येतो. नागरिकत्व न घेतलेल्या तिबेट्याला मात्र, जन्म येथलाच असला तरी, नोंदणीपत्राच्या नूतनीकरणासाठी परदेशी म्हणून उभे राहावे लागते. स्वदेशी परतण्याची आस जपण्यासाठीच कित्येकजण नागरिकत्व घेत नाहीत. ती आस हा गुन्हा नव्हे. शासनाने नोंदणीपत्राची ही अट शिथिल करावी.