सातशे किलोंचा फसवा आकडा

उल्हासनगरच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यासमोर छोटा ट्रॅक्टर मागे फोर्क बसवून घ्यायला उभा दिसला, तर नवल वाटू नये. १९४९ साली निर्वासितांच्या कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले, तेव्हापासून ‘नमुना दाखवा, तसाच करून देतो’ ही इथल्या कारागिराची ओळख आहे. चॅनेल, बेअरिंग, जुने हायड्रॉलिक सिलिंडर यांसाठी अंबरनाथची एमआयडीसी शेजारीच. आणि बदलापूरच्या पुढे भाताची पोती, रोपवाटिकांतल्या कुंड्या, फार्महाऊसवर उतरवायच्या फरशा. नवा फोर्कलिफ्ट लाखांच्या घरात जातो, शिवाय त्याला गुळगुळीत सिमेंटची जमीन लागते. पावसाळ्यातल्या बांधावर तो काय कामाचा? चार पोत्यांसाठी हायड्रा क्रेन बोलावणेही परवडत नाही. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा करणाऱ्या राज्याने तर ओझे यंत्रावर गेले म्हणून आनंदच मानायला हवा.

तेव्हा आमचा आक्षेप जुगाडाला नाही. आक्षेप आहे तो एका आकड्यावर ठेवल्या जाणाऱ्या आंधळ्या विश्वासाला.

महिंद्राचा ‘युवराज २१५’ घ्या. १५ अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर साधारण पावणेआठशे किलोंचा, आणि त्याच्या माहितीपत्रकात लिफ्टची क्षमताही जवळपास तेवढीच लिहिलेली असते. वाचणारा समजतो, फोर्कवर सातशे किलो ठेवायला हरकत नाही. पण ती क्षमता हायड्रॉलिकची आहे, ट्रॅक्टरच्या तोलाची नव्हे. लिफ्टला ओझे पेलेल; प्रश्न पुढच्या चाकांचा आहे.

हिशेब शाळेतल्या तरफेचाच आहे. समजा, ट्रॅक्टरचे वजन ७८० किलो आणि त्यातले ४० टक्के, म्हणजे ३१२ किलो, पुढच्या चाकांवर आहे. दोन्ही आसांमधले अंतर दीड मीटर. लोखंडी सांगाडा ६० किलोंचा, तो मागच्या आसापासून एक मीटर मागे. आणि फोर्कवरच्या ओझ्याचा मध्य १.२ मीटर मागे. गणित मांडले तर ३४० किलोंवर पुढची चाके जमीन सोडतात. पण ट्रॅक्टरचे तोंड उचलण्याच्या कितीतरी आधी स्टिअरिंग हातातून गेलेले असते. वळवण्यापुरती पकड राहावी म्हणून ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढे असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. तो पाळला, तर ओझे उरते सुमारे १४५ किलो. सिमेंटच्या तीन गोण्यासुद्धा नाहीत! आणि हे सपाट जमिनीवर. खड्ड्यात चाक आपटले की तेच ओझे क्षणभर कितीतरी जड होते.

ट्रॅक्टरमागे फोर्क ज्या जोडणीवर बसते, तिचा उगमच वेगळ्या कामातला आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची ही रचना नांगरासाठी घडवली आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर तिचा मोठा प्रसार झाला. नांगर मातीत ओढला जात असताना वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि त्याचे तोंड खाली राखते. फोर्कवरचे ओझे मात्र अधांतरी लोंबते, आणि तीच टॉप लिंक ट्रॅक्टरला मागे खेचू लागते. जोडणी तीच, पण ताण उलटा.

उपाय अवघड नाहीत. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे ६० किलोंचे वजन बांधले, तर वरच्या हिशेबात मागे १०० किलोंची भर पडते. अर्थात टायर आणि आस यांनाही मर्यादा आहे, हे विसरून चालणार नाही. ओझे सांगाड्याला भिडवून ठेवावे, चालताना जमिनीपासून वीतभरच वर असावे, उतारावर आडवे वळू नये. उचललेल्या फोर्कखाली पाय घालू नये, हे सांगावे लागू नये, पण लागते.

फोर्कबद्दल थोडे अधिक. ‘एल’ आकाराचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो. कारखान्यात तो कोपरा तापवून वाकवलेला असतो. गाळ्यात तो कापून वेल्डिंग केला जातो, आणि तिथेच तडा जातो. भंगारातून अस्सल फोर्क मिळाली तरी कोपऱ्याची जाडी मोजून घ्यावी. जाडी दहा टक्के झिजली की ताकद सुमारे वीस टक्के घटते, आणि अशी फोर्क वापरातून काढावी असा जगभरचा नियम आहे. तिच्यावर पुन्हा वेल्डिंग करणे हा तर रोगापेक्षा वाईट उपचार.

कायद्याचे म्हणाल, तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलयंत्रांसाठी दोन साध्या गोष्टी सांगितल्या: वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी, आणि सुरक्षित ओझ्याचा आकडा यंत्रावर ठळक लिहिणे. शेतावरच्या ट्रॅक्टरला हा नियम लागू नव्हता. पिन काढून सुटणारे अवजार जोडणे वेगळे आणि ट्रॅक्टरची चौकट कापून त्यावर मास्ट, म्हणजे फोर्क वरखाली नेणारा उभा खांब, चढवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येऊ शकते.

अंबरनाथमध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. तिच्या नावातच नमुना आहे, आणि नमुना म्हणजे आधी तपासून पाहायची वस्तू. आमच्या गाळेवाल्यांनी एवढेच करावे: फोर्क बसवून झाली की हळूहळू वजन चढवत पुढची चाके केव्हा हलकी होतात ते पाहावे, त्याच्या निम्म्याहून कमी आकडा घ्यावा आणि तो पिवळ्या रंगाने सांगाड्यावर लिहावा. आणि ट्रॅक्टरमालकांनी तो आकडा लिहिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नयेत.