संपादनाची कात्री विद्यार्थ्यांच्या हाती

विद्यार्थ्याने टिपणे काढावीत, परीक्षा द्यावी आणि फार तर एखादा निबंध लिहून प्राध्यापकांच्या पुढे नम्रपणे ठेवावा, अशी आपल्या विद्यापीठांची रूढ समजूत आहे. प्राध्यापकांचा निबंध छापावा की परत पाठवावा हे विद्यार्थ्यांनी ठरवावे, असे कोणी सुचविले तर तो उद्धटपणाच मानला जाईल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मात्र हा उद्धटपणा अर्धशतकाहून अधिक काळ सुखेनैव नांदत आहे. तेथील आंतरराष्ट्रीय संबंध विभागाच्या विद्यार्थ्यांनी १९७१ साली 'मिलेनियम' हे नियतकालिक काढले. पदव्युत्तर विद्यार्थीच आजही त्याचे संपादन करतात आणि दरवर्षी नवे संपादक सूत्रे हाती घेतात. आलेला लेख लेखकाचे नाव झाकून तज्ज्ञांकडे अभिप्रायासाठी जातो. नामवंत आणि नवखा यांना तेथे एकच माप लागते.

या व्यवस्थेतून निष्पन्न काय झाले? राष्ट्राराष्ट्रांमधील सत्तेचा समतोल म्हणजेच आंतरराष्ट्रीय राजकारण, हा सिद्धान्त केनेथ वॉल्ट्झ यांच्या १९७९ च्या ग्रंथाने नव्याने दृढ केला. त्याला मूलगामी आव्हान देणारा रॉबर्ट कॉक्स यांचा प्रबंध १९८१ मध्ये याच विद्यार्थ्यांनी छापला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत सुमारे पाव शतक काढलेल्या कॉक्स यांनी उत्पादनव्यवस्था आणि सामाजिक शक्ती यांना वगळून जगाची घडी समजणार नाही, असे मांडले. कोणताही सिद्धान्त कोणाच्या तरी हितासाठी उभा असतो, हे त्यांचे प्रतिपादन पुढे या विद्याशाखेत सर्वतोमुखी झाले. १९८८ साली 'मिलेनियम'ने स्त्रिया आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाला संपूर्ण अंक वाहिला. युद्ध आणि मुत्सद्देगिरी हा पुरुषांचाच प्रांत मानणाऱ्या शास्त्राला ॲन टिकनर, फ्रेड हॅलिडे प्रभृतींनी त्यात जाब विचारला. प्रस्थापित सिद्धान्तांत ज्यांची हयात आणि प्रतिष्ठा गुंतलेली नाही, त्यांनाच असे धाडस सुलभ जाते.

आक्षेप नाहीत असे नाही. संपादक वर्षाला बदलत असल्याने धोरणात सातत्य राहणे अवघड; तरुणांना वैचारिक टूम लवकर भुलवते, हेही खरे. परंतु तज्ज्ञांच्या अभिप्रायाची शिस्त पाळली, तर या उणिवांना आळा बसतो. उलट ज्येष्ठांच्या संपादनात आप्तस्वकीयांची सोय पाहिली जाते, त्या दोषावर सहजासहजी उतारा सापडत नाही.

आपल्याकडे या विषयाची परंपरा नाही असे कोण म्हणेल? इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ मध्ये स्थापन झाले आणि 'इंटरनॅशनल स्टडीज' हे त्याचे त्रैमासिक १९५९ पासून निघू लागले. परंतु त्याची धुरा प्राध्यापकांकडे राहिली. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रत्येक उमेदवाराला प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती केली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे अशा सक्तीमुळे चांगलेच फावले. २०१८ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' सूची करण्याचे ठरविले, २०२२ मध्ये निबंधाची सक्ती काढली आणि २०२५ मध्ये ती सूचीही गुंडाळून पारख विद्यापीठांवरच सोपविली. प्रश्न असा की, पारख करण्याचे शिक्षण ज्यांना कधी मिळालेच नाही, ती विद्यापीठे पारख करणार कशी?

हे शिक्षण संपादकाच्या खुर्चीतच मिळते. दहा निबंध वाचून नऊ परत करताना, प्रत्येकाला नकाराचे कारण लेखी देताना, विद्यार्थ्याला पुरावा आणि पोकळ विधान यांतील भेद जेवढा उमगतो, तेवढा कोणत्याही व्याख्यानाने उमगत नाही. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतो तो विश्वास. विद्यार्थिदशेतील लेखन म्हणजे कच्चा माल, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, डॉ. आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध १९१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात वाचला तेव्हा ते विद्यार्थीच होते. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला आणि शंभर वर्षांनंतरही वाचला जात आहे. आपल्या विद्यापीठांनी निदान एका विभागात, एका नियतकालिकापुरती तरी ही कात्री विद्यार्थ्यांच्या हाती देऊन पाहावी. त्यांनी पहिला लेख आपल्याच विभागप्रमुखांचा परत पाठविला आणि विभागप्रमुखांनी तो निमूटपणे सुधारून दिला, तर प्रयोग यशस्वी झाला असे खुशाल समजावे.