घरी मराठी बोलत असाल तर फॉर्मवरही मराठीच लिहा

किंडरगार्टनच्या नोंदणीचे दिवस आले की बे एरियातल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो. होम लँग्वेज सर्व्हेच्या चारही प्रश्नांना ‘इंग्लिश’ लिहून टाका, नाहीतर मुलाला एल्पॅक द्यावी लागेल, आणि एकदा का ‘इंग्लिश लर्नर’चा शिक्का बसला की सुटका नाही. खाली दहा-बारा अंगठे. कुणीतरी अनुभवाचे बोल जोडतं, ‘आम्हीही तेच केलं, काही प्रॉब्लेम आला नाही.’ नवीन आलेलं जोडपं बिचारं तसंच लिहून मोकळं होतं.

मला हा सल्ला चुकीचा वाटतो. खोटं लिहू नये हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे तो आपल्याच मुलांच्या तोट्याचा आहे. ज्या भीतीपोटी तो दिला जातो ती भीती निम्मी खरी आहे, हे मान्य. पण त्या निम्म्याबद्दल शाळेला जाब विचारायचा सोडून आपण फॉर्मवर पळवाट काढतो.

आधी हा प्रकार नक्की काय आहे ते बघू, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो नीट वाचलेला नसतो. मूल कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत पहिल्यांदा दाखल होतं तेव्हा पालकांना चार प्रश्न विचारतात. मूल बोलायला लागलं तेव्हा कोणती भाषा शिकलं? घरी जास्त करून कोणती बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? घरातली मोठी माणसं कोणती भाषा बोलतात? पहिल्या तीनपैकी एकाचं जरी उत्तर इंग्रजी सोडून दुसरं असलं, तर ३० दिवसांच्या आत मुलाची प्राथमिक एल्पॅक घेतात. फक्त चौथ्यालाच ‘मराठी’ असेल तर शाळा परिस्थिती बघून ठरवते. म्हणजे तुम्ही नवरा-बायको आपसात मराठी बोलता, आजी-आजोबा सहा महिने राहायला आलेत, पण पोरगं जन्मापासून इंग्रजीतच बोलतंय आणि तुम्हीही त्याच्याशी इंग्रजीतच बोलता, तर पहिल्या तिन्हीला ‘इंग्लिश’ हेच खरं उत्तर आहे. ते बेलाशक लिहा. मी बोलतोय ते त्या घरांबद्दल, जिथे आई ‘चल, जेवायला बस’ म्हणते आणि पोर ‘नको, भूक नाही’ म्हणतं, आणि फॉर्मवर मात्र सगळीकडे इंग्लिश असतं.

या प्राथमिक परीक्षेचे निकाल तीन. नवशिका, मधला, आणि तिसरा म्हणजे सुरुवातीपासूनच इंग्रजी चांगलं येणारा. तिसऱ्या गटात गेलेल्या मुलाला ही परीक्षा पुन्हा कधीच द्यावी लागत नाही. डे-केअरमध्ये दोन-तीन वर्षं काढलेली आपली बरीच मुलं इथेच मोकळी होतात. ग्रुपवरच्या सल्ल्यात हे कधीच नसतं.

हे सगळं मुळात सुरू झालं ते आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर, सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या शाळांत इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० चिनी मुलांना कसलीही जादा मदत न देता नुसतं वर्गात बसवून ठेवलं होतं. त्यांच्या पालकांनी खटला भरला. ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’, १९७४. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याला त्या शिक्षणाचा उपयोग काय, असा सुप्रीम कोर्टाचा एकमुखी निकाल आला. म्हणजे आपण जी गोष्ट टाळायला धडपडतोय ती दुसऱ्या स्थलांतरित आईबापांनी भांडून मिळवलेली आहे. मूल ओळखायचं, तपासायचं आणि मदत करायची ही शाळेवरची जबाबदारी आहे. परीक्षा हा तिचा मधला भाग.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्याबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही.

समजा घरी मराठीच बोलणारं मूल आहे. फॉर्मवर इंग्लिश. वर्गात ते गप्प बसतं, सूचना अर्ध्याच पाळतं, गोष्ट सांगायला लावली की दोन शब्दांत आटोपतं. शिक्षिका रेकॉर्ड काढून बघते. घरची भाषा इंग्रजी. मग तिने काय समजायचं? पाच वर्षांचं, इंग्रजी घरात वाढलेलं मूल, तरी वाक्य जुळत नाही. तिचा विचार साहजिकच बोलण्यातला उशीर, ऐकण्याची अडचण, लक्ष न लागणं, या दिशेने जातो. विशेष शिक्षणाच्या कायद्यात याची काळजी घेतलेली आहे. मुलाची तपासणी शक्य असेल तिथे त्याच्या स्वतःच्या भाषेत करावी, आणि मुख्य कारण इंग्रजी कमी येणं हेच असेल तर त्याला अपंगत्व ठरवता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण हे संरक्षण मिळायला शाळेला मुळात दुसरी भाषा आहे हे माहीत हवं ना! ते आपणच आपल्या हाताने पुसलेलं असतं.

उलटही होतं. मुलाला खरोखर बोलण्याची अडचण असते आणि ती मराठीतही दिसते. ‘घरी मराठीत कसं बोलतो?’ हा एक साधा प्रश्न स्पीच थेरपिस्टने विचारला तर अर्धं निदान तिथेच होतं. ओळखीतल्या एका घरात हेच झालं. तपासणीच्या मीटिंगमध्ये आई शेवटी म्हणाली, ‘ॲक्चुअली आम्ही घरी मराठीच बोलतो.’ तोवर तीन महिने गेले होते, आणि टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

बरं, आता भीतीचं जे निम्मं खरं आहे त्याकडे येतो.

ज्यांना मदतीची गरज आहे असं ठरतं त्यांना दरवर्षी फेब्रुवारी ते मे या काळात मोठी एल्पॅक द्यावी लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. चार पातळ्या, आणि बाहेर पडायला एकूण चौथी पातळी लागते. तेवढ्यानेही भागत नाही. शिक्षकांचं मत, पालकांशी सल्लामसलत आणि इतर मुलांच्या तुलनेत मूलभूत कौशल्यं, हेही बघतात. मग रीक्लासिफिकेशन. त्यानंतरही चार वर्षं लक्ष ठेवतात. पालकांना यातून नाव काढून घेता येत नाही. राज्याच्या इतर चाचण्यांना ‘माझं मूल बसणार नाही’ असं लिहून देता येतं, एल्पॅकला नाही, कारण ती केंद्राच्या कायद्याने बांधलेली आहे. जादा वर्ग नाकारता येतो, पण परीक्षा द्यावीच लागते.

आणि काही मुलं यात खरंच अडकतात. राज्यात सुमारे १० लाख इंग्लिश लर्नर आहेत, त्यातल्या पाचांपैकी चार जणांची घरची भाषा स्पॅनिश. सहा-सात वर्षं इथल्या शाळेत काढूनही सातवी-आठवीत याच यादीत असणाऱ्या मुलांसाठी सरकारदरबारी वेगळं नावच आहे. त्यातली बरीचशी इथेच जन्मलेली. बोलायला लागली तर तुम्हाआम्हाला मागे टाकतील. गाडी अडते ती वाचन-लेखनात. एखाद्या मताच्या बाजूने कारणं देऊन परिच्छेद लिहा, किंवा शास्त्रातला एखादा विषय ऐकून त्याचा सारांश सांगा, असले प्रश्न असतात. ते नुसत्या बोलण्याच्या सरावाने येत नाहीत, कुणीतरी बसून शिकवावं लागतं. मिडल स्कूलमध्ये त्यासाठी वेगळा तास लावतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या बदल्यात बँड नाहीतर चित्रकला जाते. पोराला वाईट वाटणारच.

चार वर्षांच्या मुलांचं तर काही काळ फारच विचित्र चाललं होतं. टीकेमध्ये, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गात आलेल्या मुलांनाही किंडरगार्टनसाठी बनवलेली हीच परीक्षा देत होते. अनोळखी बाई समोर बसते, चित्र दाखवते, ‘काय दिसतंय?’ विचारते. चार वर्षांचं पोरगं तिच्याशी मराठीत तरी बोलेल का? न बोलणं आणि न येणं यातला फरक गुणपत्रिकेत दिसत नाही. शिक्षक आणि पालक ओरडत राहिले, आणि २०२४ मध्ये कायदा होऊन टीकेच्या मुलांना यातून वगळलं. फॉर्मवर इंग्लिश लिहिणाऱ्यांमुळे ते झालं नाही. ज्यांनी खरं लिहिलं, ज्यांची मुलं त्या खुर्चीत बसली, आणि ज्यांनी नंतर तक्रार केली, त्यांच्यामुळे झालं.

आता जरा आपल्याबद्दल. थोडं लागेल, पण बोलायला हवं. आपल्याला खुपतं ते परीक्षेपेक्षा ‘लर्नर’ या शब्दात. आपल्यातल्या किती जणांनी इथे येण्यासाठी टोफेल दिली होती! खिशातले पैसे भरून, पुस्तकं आणून, घोकून. काहींना तो स्कोअर अजून पाठ आहे. तेव्हा नाही वाटलं की इंग्रजीची परीक्षा देणं म्हणजे ‘ढ’ असणं. पण पोटच्या पोराच्या कपाळी तो शब्द आला की आपल्या डोक्यात आपली जुनी शाळा जागी होते. मराठी माध्यमातल्या माझ्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. कॉलेजात गेल्यावर कॉन्व्हेंटवाल्यांसमोर तोंड उघडायची लाज वाटायची, ती इतकी आत गेलीय की फ्रीमॉन्ट किंवा सनीवेलमध्ये चांगलं घर घेऊनही सुटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला त्यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने एक बाई आल्या, चित्रं दाखवली, गप्पा मारल्या. आपण घरी कुजबुजत ‘तो टेस्टवाला फॉर्म’ म्हणत राहिलो की मग मात्र त्याला कळतं की मराठी ही काहीतरी लपवायची गोष्ट आहे.

दुसरीकडे आपणच रविवारी त्याला मराठी शाळेत नेऊन सोडतो, आणि बारावीला डिप्लोमावर दोन भाषांचा राज्याचा शिक्का, सील ऑफ बायलिटरसी, मिळावा म्हणून धडपडतो. कॅलिफोर्नियानेच तो देशात पहिल्यांदा सुरू केला. शेवटच्या वर्षी मराठी मिरवायची आणि पहिल्या वर्षी नाकारायची, हे काही जुळत नाही.

व्हिसाची धास्तीही काहींना असते. १ मार्च २०२५ ला इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षांचा आदेश आला, तेव्हापासून जास्तच. त्या आदेशाने शाळांवरची ही कायदेशीर जबाबदारी संपलेली नाही, आणि सर्व्हेत विचारतात ती भाषा, व्हिसा नाही.

शिवाय मोजणीचा प्रश्न आहे. एखाद्या शाळेत १५ टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा एकच असेल, तर पालकांना जाणाऱ्या सूचना त्या भाषेतही पाठवाव्या लागतात, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. मराठीचे १५ टक्के होणं कठीणच. पण इंग्लिश लर्नरमागे डिस्ट्रिक्टला जादा निधीही मिळतो, दुभाष्यांची सोय भाषेच्या आकड्यांवर ठरते, आणि हे आकडे याच फॉर्मवरून येतात. गावाहून आलेली आजी शाळेच्या ऑफिसात नातवाला घ्यायला जाते आणि समोरचं काहीच कळत नाही म्हणून आपण चिडतो. ऑफिसच्या रेकॉर्डनुसार त्या शाळेत मराठी घरं जवळजवळ नाहीतच.

तर फॉर्म अजून भरायचा असेल तर खरं लिहा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर शाळेत जाऊन दुरुस्त करता येतं. फक्त एकदा प्राथमिक एल्पॅक झाली की नंतर फॉर्म बदलून वर्गवारी बदलत नाही, हे लक्षात ठेवा. परीक्षेच्या आधी मुलाला घोकंपट्टी नको. एल्पॅकच्या साइटवर सराव चाचण्या फुकट आहेत, त्या एकदा तुम्ही स्वतः सोडवून बघा. निकालाचं पत्र आलं की एकूण आकडा बघून ड्रॉवरमध्ये टाकू नका, चारपैकी कुठे कमी आहे ते बघा आणि त्यासाठी आठवड्यातून किती वेळ, कोण, काय शिकवणार हे शिक्षिकेला विचारा. रीक्लासिफिकेशनमध्ये पालकांचं मत घेणं हा नियम आहे. कुणी बोलवायची वाट बघू नका.

आणि ज्या शाळेत २१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर आहेत तिथे पालकांची एक समिती असावीच लागते, ईलॅक म्हणतात तिला. तिच्या मीटिंगला मी गेलोय. कामावरून थेट आलेल्या, कडेवर लहान पोर घेतलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या आया असतात आणि मोजके, नेमके प्रश्न विचारतात. आपल्यापैकी सहसा कुणी नसतं. पीटीएच्या दिवाळी कार्यक्रमाला मात्र आपण चाळीस जण असतो. पुढच्या वेळी दोघं-तिघं या, आणि त्या बायांच्या शेजारी बसून एवढंच विचारा की आपल्या शाळेत पाचवीतल्या किती मुलांना किंडरगार्टनपासून दरवर्षी हीच परीक्षा द्यावी लागतेय, आणि त्यातली किती फक्त लिहिण्यात अडकलीत. हा आकडा शाळेकडे असतो.