मोबाईल आला, करार कुठे आहे?

अंगणवाडी सेविकांना मोबाईल जमत नाही, म्हणून त्या नव्या तंत्राला विरोध करतात, असे अधिकारीवर्ग बैठकांतून वारंवार ऐकवतो. आमचे निरीक्षण याच्या नेमके उलट आहे. या देशातील सुमारे १४ लाख अंगणवाड्यांत मोबाईल चालतो आहे, तो चालवून घेणाऱ्या बायकांमुळेच.

१ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर हे ॲप आणले. महाराष्ट्रात त्यासाठी हातात होते ते २०१९ मध्ये वाटलेले फोन. २ जीबी रॅमचे, थोड्या वापराने तापणारे, वॉरंटी संपलेले. ॲप इंग्रजीत. अनेक सेविकांनी मुलाबाळांकडून एकेक शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत मराठीत लिहून ठेवला. फोन तापला की ओल्या फडक्यावर ठेवायचा, ही युक्ती कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. रेंज नसलेल्या पाड्यावर आजही वजन-उंची आधी वहीत उतरते आणि संध्याकाळी टेकाडावर जाऊन ॲपमध्ये चढते. म्हणजे एकच काम दोनदा! ॲपमध्ये बदल झाला, की काय अडते आणि कुठे बोट दाबले की सुटते, हे बीटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बोलून पाठवते. पर्यवेक्षिकेचे परिपत्रक नंतर येते.

इतके करूनही जेव्हा जमेना, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. त्यांची मागणी चांगल्या फोनची आणि मराठी ॲपची होती. याला तंत्रज्ञानविरोध म्हणायचे असेल, तर बोथट विळा परत करणाऱ्या शेतमजुरालाही शेतीविरोधक म्हणावे लागेल.

आता नवा पेच चेहऱ्याचा आहे. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये जुळवणे सक्तीचे झाले. त्याआधी आधारची पडताळणी, आणि तिला ओटीपी. आधारला जोडलेला नंबर बहुधा नवऱ्याचा, आणि नवरा सुरतेला पाळीवर नाहीतर ऊसतोडीच्या फडात. सेविकेने त्याची सुट्टी होईपर्यंत थांबायचे, मग त्याने फोनवर आकडे वाचून दाखवायचे. एकीकडे ओटीपी कुणालाही सांगू नका अशी जाहिरात सरकारच करते आणि दुसरीकडे सेविकेला दारोदार तोच मागायला लावते. घरच्यांनी संशयाने पाहिले तर त्यात त्यांचे काय चुकले? उन्हात छत्री धरून, गरोदर बाईला डोळ्यांची उघडझाप करायला सांगून, चौथ्या-पाचव्या खेपेला चेहरा जुळतो. नाही जुळला, तर पाकीट अडल्याचा राग सेविकेवर निघतो. दिल्लीतील सर्व्हरपर्यंत तो पोचत नाही.

हे सारे कौशल्याचे काम आहे आणि त्याचा दाम कुठेच धरलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने आपल्या वाट्याचे मानधन सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये केले; राज्ये त्यात आपापली भर घालतात. त्यावर ५०० आणि २५० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता जाहीर झाला, तोही कामगिरीच्या अटीवर.

बँकांत असे झाले नव्हते, याची आठवण तरुण कार्यकर्त्यांना द्यावीशी वाटते. ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा द्विपक्षीय करार झाला. कुठली यंत्रे, किती, कुठे, आणि ती चालवणाऱ्याला काय विशेष भत्ता, हे टेबलावर बसून ठरले. त्यासाठी आधी संघर्ष करावा लागला, हे खरे. पण यंत्र करारातून आले. अंगणवाडीत ते परिपत्रकातून आले. कारण उघड आहे. बँक कारकून कर्मचारी होता. सेविका सरकारच्या लेखी आजही 'मानसेवी' आहे. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगाराचा दर्जा देण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही मालक कोण, या प्रश्नावर केंद्र राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य केंद्राकडे.

म्हणून मोबाईलचा प्रश्न तक्रारपेटीत टाकून चालणार नाही, तो मागणीपत्रात आला पाहिजे. चालणारा फोन व डेटाचा पूर्ण खर्च. वही किंवा ॲप, दोन्ही नाही. चेहरा न जुळल्यास सेविकेच्या सहीवर आहार. नव्या प्रत्येक ॲपपूर्वी संघटनेशी लेखी करार. आणि या जादा कामाचा स्वतंत्र भत्ता. जिल्हा युनियनांनी आपल्या प्रत्येक बीटमधून एका आठवड्याची नोंद घ्यावी: ॲपवर किती तास गेले, चेहरा कितीदा जुळला नाही, स्वतःच्या खिशातून किती रिचार्ज झाला. या नोंदी हातात असल्या, तर वाटाघाटीच्या टेबलावर 'बायकांना जमत नाही' हे वाक्य पुन्हा ऐकून घ्यावे लागणार नाही.