जिम लावली आणि काटा वर गेला!

पहाटे साडेपाचला जरीपटक्यातल्या दयानंद पार्ककडे निघणाऱ्यांत दर काही महिन्यांनी नवे चेहरे दिसतात. जिमचेही तसेच. हुरूप मोठा असतो, बूट नवे असतात आणि दहा-बारा दिवसांनी काट्यावर उभे राहिल्यावर आकडा एक-दीड किलोने वाढलेला असतो. ‘घाम गाळून वजन वाढणार असेल तर झोपलेले काय वाईट,’ असे म्हणत अनेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. जिमची वर्षाची फी मात्र भरून झालेली असते.

सध्या या गळतीला वेगळे वजन आले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा मुद्दा मांडला आणि खाण्यातले तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात दाखल झाली. एकीकडे आठवड्यागणिक काटा उतरवणारी सुई आणि दुसरीकडे सुरुवातीला काटा चढवणारा व्यायाम, अशी तुलना झाली तर व्यायाम हरणारच. पण ही तुलनाच फसवी आहे.

हिशेब साधा आहे. शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दहा दिवसांत दीड किलो चरबी वाढवायची तर रोज साडेअकराशे कॅलरी जादा हव्यात, म्हणजे रोजच्या जेवणावर आणखी दीड-दोन जेवणे. एवढे कोणी खाल्ले तर ते त्याच्या ध्यानात येईलच. मग वाढलेले वजन कशाचे? मुख्यतः पाण्याचे.

हे पाणी तीन ठिकाणी साचते. पहिले, दुखावलेल्या स्नायूंत. सवय नसताना उठाबशा काढल्या, वजने उचलली किंवा जिने उतरले की स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून काढण्यासाठी तिथे द्रव आणि पेशी धावून येतात, थोडी सूज येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात आणि खाली बसताना ‘आई गं’ निघते, ते यामुळेच. काही दिवसांत ही सूज ओसरते.

दुसरे ठिकाण अधिक रंजक. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साखळ्यांच्या, रूपात साठवतात. स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या संशोधकांनी १९६६ मध्ये दोघांनी मिळून एकच सायकल चालवली. प्रत्येकाने फक्त एक पाय वापरला आणि दुसऱ्याला विश्रांती दिली. नंतर सुईने स्नायूचे तुकडे काढून तपासले, तर थकलेल्या पायाने पुढच्या दिवसांत विश्रांतीतल्या पायापेक्षा कितीतरी जास्त ग्लायकोजेन साठवले होते. रिकामी झालेली कोठी पुढच्या वेळी जास्त भरून ठेवायची, ही शरीराची रीत. पण ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणीही साठते. साठा २०० ग्रॅमने वाढला तर पाण्यासकट ८०० ग्रॅम झाले!

तिसरे ठिकाण रक्त. नियमित धावणे किंवा सायकल सुरू झाली की मूत्रपिंडे मीठ-पाणी राखून ठेवतात आणि आठवडाभरात रक्तातला द्रव भाग दहा टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो, म्हणजे तीन-चारशे मिलिलिटर. यामुळे हृदयाचा प्रत्येक ठोका जास्त रक्त पुढे ढकलतो आणि शरीर थंड राखणे सोपे जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात ही मोठीच सोय. गंमत अशी, की रक्त पातळ झाल्याने याच काळात हिमोग्लोबिनचा आकडाही किंचित खाली दिसू शकतो.

अर्थात सगळा दोष पाण्यावर ढकलण्यातही अर्थ नाही. तासभर झपाझप चालून अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. परतताना दाल-पकवान किंवा तर्री-पोह्यांची प्लेट झाली की तो खर्च भरून निघतो. पापड-लोणच्यातले मीठही पाणी धरून ठेवते आणि पाहुण्यापुढे पाण्यासोबत पापड ठेवण्याची रीत असलेल्या जरीपटक्यातल्या सिंधी घरांना पापड सोडा म्हणणे सोपे नाही. जिममध्ये कोणी क्रिएटिनची पावडर हाती दिली असेल, तर तिनेही पहिल्याच आठवड्यात किलोभर पाणी वाढू शकते. आणि दीड-दोन महिन्यांनंतरही आकडा चढतच असेल, तर दोष सुजेचा नाही, ताटाचा असण्याची शक्यता जास्त.

खरे नुकसान अर्धवट सोडण्यात आहे, कारण काटा वर असतो त्याच दिवसांत आत फायदा सुरू झालेला असतो. एकदा व्यायाम केला तरी पुढचे २४ ते ४८ तास इन्सुलिन अधिक चांगले काम करते, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. उलट, इंजेक्शनने उतरलेल्या किलोंमध्ये काही वाटा स्नायूंचाही असतो. म्हणून ती घेणाऱ्यांनाही डॉक्टर व्यायाम सांगतातच.

पहिले महिना-दीड महिना काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० मानली जाते. वजन करायचेच तर आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी. स्त्रियांनी पाळीच्या आधीचे दिवस धरू नयेत. तेव्हा व्यायामाशिवायही पाणी साचते.

दोन गोष्टी मात्र थांबून पाहण्यासारख्या नाहीत. जबर व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून मूत्रपिंडांवर ताण येत असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तसेच दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून पाय सुजले, आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर ते पाणी व्यायामाचे नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंड तपासून घ्यायला हवे.