वेरूळचे देव, पॅरिसचे सूर

‘फ्रेंच वाद्यवृंदाशी मराठी माणसाचा संबंध काय?’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. संबंध आहे, आणि तो थेट वेरूळचा आहे. अल्बेर रूसेल हा फ्रेंच नौदलातला माजी अधिकारी १९०९ मध्ये भारतात फिरला. परतल्यावर त्याने ‘एव्होकासियाँ’ ही रचना केली. तिचा पहिला भाग वेरूळच्या लेण्यांच्या अंधारातल्या देवांवर आहे. पुढे त्याने चितोडच्या पद्मिनीवर ऑपेराही लिहिला. तो १९२३ साली पॅरिसमध्ये रंगला.

रावेल या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराचा ‘बोलेरो’ तर आपल्या कानाला मुळीच परका नाही. सुमारे पंधरा मिनिटे एकच ठेका, त्याच दोन धुना, बदलतात ती फक्त वाद्ये! ठेक्यावर जीव टाकणाऱ्यांना आणखी काय हवे?

राहिला पत्रलेखकांनी काढलेला पाहुण्या वादकांचा मुद्दा. मुंबईच्या एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून परदेशी वादकांच्या साथीने उभा आहे. ओबो आणि बासून ही वाद्ये वाजवणारे इथे फारसे घडत नाहीत, ही पत्रलेखकांची खंत रास्त. पण संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे. शिकवणारा भेटला की वादक तयार होतो. आणि आमच्या दादरच्या मैफलीत धारवाडचा गवई आला तर आपण त्याला उपरा म्हणतो का?

खरी तक्रार माझी वेगळीच आहे. एनसीपीएतला कार्यक्रम संपल्यावर नरिमन पॉइंटहून टॅक्सीवाले दादरला यायला तयार होत नाहीत.

— एक वाचक, शिवाजी पार्क